पुठ्ठ्याच्या आडोशाला आईचं मत

गेटशी आलेल्या कार्यकर्त्याला मी छाती फुगवून सांगितलं, "आमच्या घरात तीन मतं. तिन्ही आपलीच धरा." त्यानं हात जोडले, चहाला नको म्हणाला आणि शेजारच्या गेटकडं वळला. मी आत आलो. खिडकीशी खाटेवर बसलेल्या आईनं सगळं ऐकलं होतं.

"तीन कुणाकुणाची रं?"

"माझं, हिचं आन् तुझं."

"माझं म्या कवा दिलं तुला?"

"आन् माझं?" बायकोनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

मी पेपर उघडून तोंडापुढं धरला.

धाराशिवच्या कडेला वाढलेली आमची कॉलनी मास्तर, कारकून, बँकवाले अशा पगारी माणसांची. कुणी परंड्याकडचा, कुणी जळकोटकडचा, आम्ही ढोकीकडचे. संध्याकाळी कोपऱ्यावर उभे राहिलो की कोण पडणार, कोण येणार, कोण निकालानंतर कुठं उडी मारणार, सगळं आम्हीच ठरवतो. मतदानाच्या दिवशी मात्र कॉलनी सुनी असते. ज्यांची नावं अजून गावाकडं आहेत ते भावकीत तोंड दाखवायला म्हणून तिकडं जाऊन मत देतात. ज्यांची नावं इथं आहेत ते सकाळी सुट्टी म्हणतात, दुपारी ऊन म्हणतात आणि संध्याकाळी रांग म्हणतात. मीही त्यांच्यातलाच. बायको पुढं घालून नेते म्हणून माझ्या बोटाला शाई लागते.

आईचं तसं नव्हतं. गावी असताना मतदानाच्या दिवशी ती पहाटेच अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसायची आणि गल्लीतल्या बायांबरोबर शाळेकडं निघायची. निघताना वडील चिन्ह सांगायचे. ती "व्हय" म्हणायची. आत जाऊन ती काय करायची, ते वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता काचबिंदूनं तिची नजर गेलेली, गुडघेही गेलेले. वय पंच्याऐंशीच्या पुढं, म्हणून तिचं मत घरी येऊन घेणार होते. त्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, केस चापूनचोपून बसवले आणि खिशाला पेन लावलं.

मंडळी आली. एक अधिकारी बाई, एक पोलीस, एक कॅमेरेवाला. बाईंनी आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आईजवळ बसून नीट समजावलं, "आजी, तुम्हाला दिसत नाही ना, तर तुमच्या वतीनं मतपत्रिकेवर खूण करायला तुमच्या विश्वासाचं एक माणूस घेता येतं. कुणाला घेता?"

मी घसा साफ करून पुढं सरकलो.

"सूनबाईला बोलवा," आई म्हणाली.

बायकोचा भाऊ त्या निवडणुकीत माझ्या विरुद्ध बाजूच्या प्रचाराला रात्रंदिवस फिरत होता. हिचा कलही तिकडंच, हे घरात काही लपलेलं नव्हतं. आईची बाजू कोणती, ते मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"आई, अगं तिचा भाऊ तिकडं..."

"ठाव हाय मला."

"मग?"

"ती गोळी देताना कंची हाय ते सांगून देती. ही बीपीची, ही पोटाची. तू नुसता हातावर टेकवतूस आन् घे म्हणतूस."

कॅमेरेवाल्याला हसू आलं. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं तसा तो गप्प झाला.

"आत्या, मला नका ह्यात घालू," बायको पदराला हात पुसत म्हणाली. "उद्या कुणाच्या मनात काय आलं तर?"

"यीना का. तूच कर."

बाईंनी हिच्याकडून लिहून घेतलं, की आजी सांगतील तशीच खूण करीन आणि कुणाला सांगणार नाही. मग मला बाहेर काढलं. पायरीवर पोलीस येऊन माझ्याशेजारी बसला.

"साहेब, तुम्हाला बी बाहेर काढलं व्हय?"

"मतदान गुप्त असतं."

"आमच्या घरात समदंच गुप्त असतंय," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

आतून हिचा आवाज येत होता. एकेक नाव वाचत असावी. शब्द कळत नव्हते. मधेच आवाज थांबला. मी दाराकडं सरकून कान लावला. हिनं दुसरीकडं खूण केली तर आईला कळणार नव्हतं. आज नाही, कधीच नाही. कॅमेरा आडोशाच्या पलीकडं होता, बाईही लांब उभ्या. जन्मभर कुणाला ताकास तूर लागू न देता दिलेलं आईचं मत आता दुसऱ्याच्या बोटांत होतं. हिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला नीट ठाऊक होतं. इस्त्री काय उगीच केली नव्हती शर्टाला.

मंडळी गेल्यावर मी आत आलो. आई शाई लागलेलं बोट दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चाचपत होती.

"केलंस का गं, म्या सांगितलं तिथंच?"

"व्हय आत्या. तिथंच."

"बरं," म्हणून आई भिंतीकडं तोंड करून निजली. एवढं बोलणं तिला पुरलं. मला काही पुरेना. दिवसभर मी ह्या ना त्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावत राहिलो. संध्याकाळी ही भाकरी थापत असताना शेवटी विचारलंच, "नाव नको सांगू. इकडं की तिकडं, एवढंच सांग."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या कागदाची घडी घालताना माझा हात थरथरत होता. माझं स्वतःचं मत देताना कधी थरथरला न्हाय. आता तुम्हाला सांगून टाकलं तर उगीच थरथरला म्हणायचा. बसा जेवायला."