ढेकीवरचा पाय

तुमच्याआधी हे कोणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवरा गेला, त्याच्याही नाही. सांगायला बसले की कुठून धरावं तेच कळत नाही — यातलं किती मला खरंच आठवतं आणि किती मी मागाहून जुळवलं?

ब्रह्मपुरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी माझं सासर. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. धान कांडायला घरोघरी ढेकी होती — लांब, जड लाकूड, पुढच्या टोकाला मुसळ. मागचं टोक पायानं दाबलं की मुसळ वर जायचं, पाय उचलला की उखळात पडायचं. थोरली जाऊ कौसल्याबाई पाय द्यायची, मी उखळातलं धान हातानं सारायची. हात बाहेर काढला की मी "सोड" म्हणायचं, मग तिनं पाय उचलायचा. असं आमचं ठरलेलं.

एका दुपारी मुसळ माझं डोकं घासून गेलं. रक्त थोडंच आलं. वैद्यानं लेप लावला, म्हणाला, चार दिवसांत उठेल. मी उठलेही. पण उन्हाकडे बघवेना. शेजारची ढेकी वाजली की प्रत्येक ठोका कानामागे उमटायचा. भाजीत मीठ टाकलं की नाही ते आठवायचं नाही. एकदा तर सख्ख्या बहिणीचं नाव आठवेना. उगाच रडू यायचं. जखम कधीच भरली होती — मग हे काय होतं? बाहेरून तर मी धडधाकट दिसायची.

सासू म्हणाली, कौसल्येनं मुद्दाम केलं. तिला मूलबाळ नव्हतं आणि मला दिवस गेले होते, तेवढं गावाला पुरलं. ती एकटी सांगत राहिली की गयानं, म्हणजे मी, "सोड" म्हटलं होतं. शेवटी सगळ्यांसमोर तिनं मलाच विचारलं, "तूच सोड म्हटलं होतंस ना?"

"मले आठवत नाई," मी म्हणाले.

ते खरं होतं. त्या दिवशी तरी खरं होतं.

नंतर केव्हातरी — पोर पोटात हलायला लागली होती, एवढंच सांगू शकते — मी सुपानं धान पाखडत होते आणि ते परत आलं. गल्लीत कासाराची हाक. मी हात काढला, "सोड" म्हणाले, आणि दारातून बांगड्या दिसतात का बघायला तशीच पुढे वाकले. माझाच आवाज मी ऐकला. का ऐकल्यासारखं वाटलं? त्या महिन्यांत मला नसलेलंही ऐकू यायचं. पण कासार आला होता, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी सूप खाली ठेवलं आणि गप्प राहिले. माझ्या वाटचं पाणी ती भरायची, शेतात धानाची माझी रोवणी ती करायची. सासू मला दूध द्यायची. बोलले असते तर?

पुढे थोरल्या भाऊजींनी, तिच्या नवऱ्यानं, तिला माहेरी नेऊन सोडायचं ठरवलं. बैलगाडी जुंपली. ती बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी कपाळाला हात लावला, ऊन सोसत नाही म्हणाले आणि आत गेले. तेव्हा डोकं खरंच दुखत होतं का? इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे. दुखत होतं असं वाटतं. मग वाटतं, ते तर बरं होऊन गेलं होतं.

सासू आजारी पडली, घरात हात कमी पडले, तेव्हा कौसल्याबाईला परत आणलं. ती वाळली होती. "सोड"चं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. ढेकीला तिला कोणी हात लावू दिला नाही, तिनंही लावला नाही. माझं डोकं दुखणं एव्हाना पूर्ण थांबलं होतं. तरी कोणी विचारलं की मी म्हणायची, अजून कधी कधी दुखते.

कौसल्याबाई गेली त्याआधी तिनं मला बोलावून घेतलं. हळू बोलत होती. "गया, मलेच चुकीचं ऐकू आलं असन. तू सोड म्हटलंच नसन. मले माफ कर."

मी तिच्याजवळ बसले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"जाऊ द्या बाई," मी म्हणाले, "मी कवाच माफ केलं."

तिनं माझा हात ओढून डोळ्यांना लावला. मी लावू दिला.