भावोजींचा माशांचा दवाखाना

महाडला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या भावोजींनी आयुष्यात कधी मान्य केली नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते केमिस्ट होते, तेव्हा विज्ञान त्यांना कळत होतं आणि नकाशाही वाचता येत होता. तरीही गोड्या पाण्याच्या सावित्रीकाठी, दोन खोल्यांच्या घरात, खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचा हट्ट त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी धरला. माझी ताई म्हणाली, "पत्ते नाहीत, तंबाखू नाही, मग एवढं चालायचंच." एवढं म्हणजे किती, याची तिला तेव्हा कल्पना नव्हती. महिन्यातून एकदा, साप्ताहिक सुट्टीला, भावोजी पहिल्या एसटीने हरिहरेश्वरला जायचे आणि दोन मोठे कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचे. एकदा कंडक्टरने कॅनवर टिचकी मारून विचारलं, "ह्याच्यात काय हाय?" भावोजी गंभीरपणे म्हणाले, "समुद्र." कंडक्टरही खमक्या होता. "मग त्याचंपन तिकीट काडा," म्हणाला. भावोजींनी खरोखर काढलं, आणि वर समुद्राला खिडकीजवळची जागा दिली.

माशांशी ते अहो-जाहो करत. आम्हा मेव्हण्यांना मात्र अरे-तुरे. आमटीत मीठ नाही हे त्यांना ताट संपेपर्यंत कळायचं नाही, पण टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं की खारटपणा किती उतरलाय ते बिनचूक सांगायचे. घरात आलेल्या पाहुण्याला चहाआधी टाकीपुढे उभं केलं जाई, आणि कुणी "हे खायला कसे लागतात हो?" असं विचारलं तर त्याचा चहा फार उशिरा येई. एकदा भावोजी कारखान्यात पाळीला गेले असताना ताईने दया येऊन माशांना पोळीचा चुरा घातला. संध्याकाळी पाणी दुधासारखं झालेलं पाहून भावोजी रागावले नाहीत. मध्यरात्रीपर्यंत पाणी गाळत राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं ताई म्हणायची. त्या दिवसापासून त्या पाण्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियमच झाला.

आणि मग घात झाला तो त्यांच्याच हातून. मुंबईहून त्यांनी एक सुंदर निळा मासा आणला आणि उत्साहाच्या भरात तसाच मोठ्या टाकीत सोडला. आठवड्याभरात त्याच्या अंगावर रव्याचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले. मासा दगडाला अंग घासू लागला, खाणं सोडलं आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेला. तोवर जुन्या नारिंगी जोडीच्या पंखांवरही ठिपके आले होते. ती जोडी सात वर्षांची, ताईच्या मुलीहून एक वर्षाने मोठी. "नव्या माशाला आधी महिनाभर वेगळं ठेवायचं असतं. मला माहीत होतं रे," भावोजी मला म्हणाले. "शाळेतल्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. मीच घाई केली." कारखान्यात चूक झाली तर तीन प्रतींत खुलासा देणारा हा माणूस इथे खुलासा कुणाला द्यावा म्हणून कासावीस झाला होता.

त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली दुसरी, लहान काचेची टाकी मांडली आणि त्या जोडीला तिथे हलवलं. वाळू नाही, दगड नाही, लपायला फक्त पाइपचे दोन तुकडे आणि हवेचा पंप. औषध होतं मोरचूद. ते मोठ्या टाकीत घालता येत नाही, कारण तिथल्या कोळंब्या आणि समुद्रफूल नावाचा फुलासारखा प्राणी त्याने मरतात. माशांनाही ते थेंबांच्या हिशेबानेच द्यायचं. कमी पडलं तर रोग जात नाही, जास्त झालं तर मासाच जातो. भावोजी सकाळ-संध्याकाळ पाणी तपासत, भिंतीवर तक्ता भरत. दारावर त्यांनी 'भेटण्याची वेळ : सायंकाळी ५ ते ६' अशी पाटी लावली. ताईला स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला परवानगी घ्यावी लागे.

या सगळ्याला गल्लीभर हसू होतं. फक्त सरूबाई हसल्या नाहीत. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतून त्या रोज सकाळच्या गाडीने दुधाच्या किटल्या घेऊन येत. ओट्याखाली वाकून त्या म्हणाल्या, "आजारी शेळी आपन वेगळी बांदतो, तसंच हाय त्ये. ह्यात हसायचं काय? आनि ह्ये निळं काय वो?"

"मोरचूद."

"आमी शेळीच्या खुराला लावतो त्योच?"

"तोच!" भावोजींचा चेहरा इतका उजळला, की लग्नातल्या फोटोतही तसा नाही. तेव्हापासून दूध घालून झालं की दोघांची पाच मिनिटं सल्लामसलत चाले.

उपचाराच्या बाराव्या दिवशीच नेमकं वापीच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. इथला त्यांचा विभाग बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी नोकरी दिसत नव्हती. भावोजी शांतपणे म्हणाले, "मी जाणार नाही. यांचा जीव अधांतरी आहे." ताईचा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बांध फुटला. "आणि आमचा?" एवढंच ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या सरूबाईंनी ते ऐकलं. "सायेब, तुमी जावा. ताई शाळंत शिकवाया गेल्या तरी मी हाय. दिसभर बसंन." भावोजींनी चार पानं सूचना लिहिल्या. त्या देताना त्यांच्या लक्षात आलं, की सरूबाईंना वाचता येत नाही. मग अर्धा तास सगळं तोंडी सांगितलं आणि बॅग उचलली. दारातून तीनदा परत आले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून जेवायच्या सुट्टीत डोकावलो, तर घर चिडीचूप. सकाळी नऊलाच वीज गेली होती, पंप बंद पडला होता. सरूबाई ओट्यापाशी मांडी घालून बसल्या होत्या, हातात प्लॅस्टिकचा मग. पाणी उचलायचं, वीतभर उंचीवरून धार सोडायची, पुन्हा उचलायचं.

"हे सांगितलं होतं भावोजींनी?"

"नाय. वर येऊन तोंड मारीत व्हते. जिवाला हवा पायजे, येवढं कळतं मला." उजवा हात दमला की त्या डाव्याने धार सोडत. दुपारची गाडी केव्हाच चुकली होती. मी कचेरीत निरोप पाठवला आणि तो मग त्यांच्या हातून घेतला. साडेचारला पंप पुन्हा गुरगुरला, तेव्हा दोन्ही मासे पाइपच्या तोंडाशी येऊन आमच्याकडे बघत होते, निदान मला तरी तसं वाटलं. सरूबाईंनी हात झटकले आणि म्हणाल्या, "आता शेवटची गाडी तरी गाठते."

भावोजी आले ते चपला न काढता ओट्यापाशी गेले. मुलाखतीचं विचारलं तर "झाली" म्हणाले. आम्ही सगळं सांगितलं. दुसऱ्या सकाळी सरूबाई आल्या, तेव्हा ते उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी बाईंसाठी स्वतः चहा केला. तो फार वाईट झाला होता. बाईंनी पूर्ण प्यायला.

ठिपके गेले. मोठी टाकी दोन महिने माशांविना ठेवली, म्हणजे तिथला रोग उपाशी मरतो, आणि मग ती जोडी घरी परतली. नोकरीही मिळाली. टेम्पोतून सामान वापीला गेलं, भावोजी मागे माशांच्या पिंपाला धरून बसले.

दोन वर्षांनी त्यांचा फोन आला.  "अंडी घातली रे! टाकीतल्या कुंडीच्या मागे. सरूबाईंना सांग."

गुडघ्यांमुळे सरूबाईंनी महाडला येणं सोडलं होतं. मी रविवारी त्यांच्या वाडीवर चढून गेलो. त्या अंगणात शेळीला पाला घालत होत्या. ऐकून हसल्या, "बरं झालं" म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "सायबांना तिकडं बोलायला कोन हाय?"

"ताई आहे ना."

"ताई हायत वो. माश्यांचं बोलायला कोन हाय?"

 इतक्या वर्षांत मी भावोजींना माशांबद्दल आपणहून एक प्रश्न विचारला नव्हता. वाडी उतरून पोलादपूरच्या स्टँडवर आलो आणि बूथवरून वापीला फोन लावला. "भावोजी," मी म्हणालो, "अंडी दिसतात कशी?"

 ते सांगू लागले. महाडची गाडी लागली, कंडक्टरने घंटी दिली, गाडी सुटली. मी हाताने तिला जायला सांगितलं आणि ऐकत राहिलो.