आईनं ठरवलेला शनिवार

मामानं आपणहून फोन करून जेवायला बोलावलं, तेव्हाच मला शंका आली. आईचा हा धाकटा भाऊ काटोलच्या पुढे राहतो, संत्र्याची बाग करतो आणि फोन करतो तो कुणी गेलं तरच. "शनिवारी या सारे. रोडगे करून राहिलो. मुक्कामानं या," तो म्हणाला. कशानिमित्त रोडगे, असं विचारलं तर म्हणे, "असेच." कणकेचे रोडगे वळून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे म्हणजे चार माणसांची खटपट. ती असेच कुणी करत नाही.

शनिवारी सकाळी आई आमच्याआधी तयार होती. बाबा गेल्यापासून सहा वर्षं ती आमच्याकडे, नागपूरच्या धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये राहत होती. एका मुक्कामासाठी तिनं दोन बॅगा भरल्या होत्या. मी एक उचलायला गेले, तर उचलेना.

"थंडी असते वं तिकडं. शाली घेतल्या," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. नवऱ्यानं काही न बोलता दोन्ही बॅगा डिकीत टाकल्या.

एरवी कळमेश्वर येईपर्यंत तिचं निम्मं गाव सांगून झालेलं असतं. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत गप्प बसून होती.

मामाच्या दारात उतरलो तर मामीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. अंगणात घसरून पडली होती, पंधरा दिवस झाले होते. मला हे कुणी कळवलं नव्हतं. आईला मात्र नवल वाटलं नाही. "आता कमी आहे का दुखणं?" असं तिनं विचारलं. म्हणजे आधीही विचारून झालेलं होतं.

पुढच्या खोलीत पूर्वी फवारणीचा पंप आणि संत्र्याचे रिकामे क्रेट असायचे. आता तिथे ताजा रंग होता, खिडकीला जाळी होती, पलंगावर नवी गादी होती. लागूनच्या बाथरूममध्ये कोरा कमोड बसवला होता. मामा-मामी दोघंही काटक, त्यांना कमोड कशाला हवा? गुडघे तर आईचे दुखतात.

तेवढ्यात शेजारची बाई आली आणि आईचा हात धरून म्हणाली, "बरं केलं ताई. आता आम्हाले सोबत झाली." मामीनं घाईघाईनं तिला चहाला आत नेलं.

माझा हिशेब पक्का झाला. मामीचा हात मोडला, घरात करणारं कुणी नाही, म्हणून बहात्तर वर्षांच्या बहिणीला गोड बोलून आणायचं. जेवताना मामा आईच्या रोडग्यावर तुपाची धार धरत होता, वांग्याची भाजी पुन्हा पुन्हा वाढत होता, आणि मला ती सगळी लाडीगोडी वाटत होती.

दुपारी मी त्याला बागेत गाठलं.

"मामा, आईला इथं ठेवून घेताय? मामीचा हात मोडला म्हणून?"

त्यानं झाडाची एक वाळकी फांदी मोडून बाजूला टाकली. मग म्हणाला, "सैपाकाले बाई लावली आहे. अन् खोली हात मोडायच्या पयले रंगवली. बाकी तू तिलेच इचार." आणि पुढच्या ओळीत निघून गेला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

आई दारापुढच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले.

"मीच म्हटलं त्याले," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "दिवाळीत."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू रडली असती, अन् मी थांबली असती."

"आमचं काही चुकलं?"

"काही नाही वं. तुम्ही नऊले जाता, सातले येता. मधात घरात फक्त टीव्ही बोलते."

माझा विश्वास बसला नाही. मी तोच प्रश्न फिरवून फिरवून तीनदा विचारला. तिनं तीनही वेळा तेच उत्तर दिलं आणि शेंगा सोलत राहिली.

रविवारी आम्ही दोघंच निघालो. काटोल मागे पडलं तेव्हा मला बॅगा आठवल्या, आणि त्या गुपचूप उचलणारा नवराही.

"तुला माहीत होतं?"

"कमोड मीच सुचवला," तो म्हणाला. "तिनं शपथ घातली होती."

नागपूर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

याला आता तीन महिने होतील. रोज संध्याकाळी मी फोन करते, आईच्या आवाजात थकवा शोधते, मग मामीला वेगळं विचारते. गेल्या बुधवारी तर रजा टाकून, न कळवता थेट बसनं गेले. आई ओट्यावर त्या शेजारणीशी वाद घालत होती, कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानावरून. चांगलीच रंगात आली होती. मला पाहून थांबली.

"तपासाले आली का वं?"

"हो," मी म्हटलं.

"बस मग," ती म्हणाली, आणि सरकून जागा करून वाद पुढे सुरू केला.