व्याह्यांनी आणलेल्या मरळी

मूल गावाजवळच्या त्या तळ्यात दसरू ढिवराने नुसतं डोकावलं तरी मासे आपणहून जाळ्यात येतात, असं गाव म्हणे. दसरूही ते कधी खोडून काढत नसे.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी पाऊस कमी झाला आणि उन्हाळ्यात तळं आटलं. एरवी मधल्या डोहाला मालगुजाराचा शिपाई कुणाला हात लावू देत नसे. आता टोपली घेऊन शिपाईच डोहात उतरला. दसरू त्याच्याही पुढे. चिखलात दडून बसलेल्या बियाण्यासाठी राखलेल्या मरळी गावाने कुदळीने खणून खाल्ल्या.

पुढच्या पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं आणि जाळ्यात बेडूक आले. नेमका तेव्हाच दसरूचा मार्कंडा गावचा व्याही इसरू सुनेला, म्हणजे दसरूच्या लेकीला, माहेरी पोचवायला आला. दसरूच्या बायकोने, गोकुळाने, मान खाली घालून वांग्याची भाजी वाढली.

"काऊन इवाई, तळ्यात आता वांगे लावले का?" इसरूने विचारलं.

तो टोमणा दसरूच्या घशात काट्यासारखा अडकला. डोहाला कुणी हात लावायचा नाही, असं त्याने गावाकडून कबूल करून घेतलं. गावानेही लगेच ऐकलं. वांगी सगळ्यांनीच खाल्ली होती. पण रिकाम्या डोहात राखायचं काय?

पुढच्या आषाढात इसरू पुन्हा आला, तो डोक्यावर हंडा घेऊन. आत वैनगंगेच्या दोन जिवंत मरळी. "तुमच्या इथी भेटत नाई, म्हनून सोबतच आनल्या!"

गोकुळा मसाला वाटायला बसली. दसरूने हंड्यात वाकून पाहिलं. एकीचं पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं. एकीकडे व्याह्याचं ताट, दुसरीकडे डोह. तो हंडा उचलून मागल्या दाराने गेला आणि रिकामा घेऊन आला.

"मासे कुठी हायेत?" गोकुळा ओरडली.

"डोहात सोडले. एक पोटुशी होती."

"अगं माय! पाहुण्याचं जेवण तळ्यात सोडून आला हा मानूस!"

इसरू मग ठसका लागेपर्यंत हसला. "म्हंजे मले आजबी वांगंच?"

"मसाला मरळीचाच हाये, भाऊ," गोकुळा म्हणाली.

श्रावणात पाण्यावर पिल्लांचा लालभडक घोळका दिसला. तो आला की शिपाईसुद्धा आपलं जाळं वर उचली. इसरू मात्र भेटेल तेव्हा सुनेच्या आधी मरळीच्या लेकरांची खुशाली विचारी.

एका वर्षी त्याच्या ताटात अखेर मरळ पडली. त्याने घास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"इवाई, हे आपल्या घरची तं नाई?"

"नाई, शेजारची हाये," दसरू म्हणाला. "खा बिनघोर."