सुकलालभाऊंचे दहापैकी दहा

शरीर कधीच खोटं बोलत नाही. आमच्या पायांच्या विभागात हे वाक्य पितळी पाटीवर कोरून भिंतीला लावलेलं आहे. खाली देणगीदार ट्रस्टींचं नाव आहे, वाक्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत. त्या पाटीखालच्या टेबलावर सुकलालभाऊ डोळे मिटून आडवे होते आणि मी त्यांच्या तळव्याला दोरा टेकवत होतो.

"हो," सुकलालभाऊ म्हणाले. "हो. हो. हो."

मी सुरतेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात टेक्निशियन आहे. डायबिटीसवाल्यांचे पाय तपासतो. छाती आणि डोळे दाखवायला लोक आपणहून येतात. पाय दाखवायला मात्र कुणीतरी धरून आणावं लागतं. सुकलालभाऊंना त्यांच्या पत्नी रंजनाबाईंनी आणलं होतं. कुटुंब मूळचं अमळनेरकडचं, आता डिंडोलीत. सुकलालभाऊ भेस्तानच्या एका शेडमध्ये तीस वर्षं मशीन, म्हणजे यंत्रमाग, चालवत होते. शुगर आठ वर्षांची. गेलं वर्षभर तळपायांची आग होत होती, मुंग्या येत होत्या. कामावरून आले की ओलं पोतं अंथरून त्यावर पाय ठेवून बसत.

आग होते म्हणजे पाय शाबूत आहे, असं बरेच जण समजतात. तसं नसतं. शुगरने बिघडलेली नस काही घडलेलं नसताना आगीची वर्दी देत राहते आणि खरोखर काटा रुतला की गप्प बसते. त्यामुळे आग आणि बधिरपणा एकाच पायात सुखाने नांदतात. काही कार्यालयांचा कारभारही असाच चालतो.

बधिरपणा ओळखायची आमची युक्ती साधी आहे. एका दांडीला नायलॉनचा ताठ दोरा असतो. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. पेशंटने डोळे मिटायचे आणि लागलं की "हो" म्हणायचं. एका पायावर दहा जागा.

टेस्टच्या आधी सुकलालभाऊंनी तो दोरा दोन बोटांत धरून पाहिला होता.

"हा तर मोनो धागा आहे, साहेब. कडक साडीत जातो. आम्ही किलोने विणतो. याच्याने डायबिटीस समजतो?"

"पायातला समजतो."

"मग एवढ्याशा तुकड्याला दांडी कशाला लावली? मला सांगायचं, बॉबीन आणून दिली असती."

दोन्ही पाय दहापैकी दहा. मी रिपोर्टवर लिहिलं, संवेदना ठीक. सही केली.

रंजनाबाईंचं समाधान झालं नाही. "ठीक आहे तर आग कशाची? आणि दिवसाचे बारा तास हे अनवाणी उभे राहतात, त्याचं काय?"

"रिपोर्ट ऐकला ना?" सुकलालभाऊ शर्टाच्या बाह्या सारख्या करत म्हणाले. "दहापैकी दहा. शाळेत कधी पडले नव्हते."

तीन आठवड्यांनी रंजनाबाई त्यांना पुन्हा घेऊन आल्या. या वेळी उजवा पाय टॉवेलात गुंडाळलेला होता. घरी फरशी पुसताना त्यांना गुलाबी डाग दिसले होते, एकाच पायाचे, दारापासून मोरीपर्यंत. तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, नखाएवढा तारेचा तुकडा रुतला होता. तो घेऊन सुकलालभाऊंनी निदान दोन दिवस ड्युटी केली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडमनी तार काढली, जखम साफ केली. हाडापर्यंत काही पोचलं नव्हतं. "आणखी आठवडा गेला असता तर बोट ठेवायचं की काढायचं याची चर्चा करत बसलो असतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जुना रिपोर्ट उचलला.

"हे अक्षर तुझं?"

"हो, मॅडम."

"डाव्या पायाची टेस्ट पुन्हा कर. माझ्यासमोर."

सुकलालभाऊ आडवे झाले. मी माझी चाकाची खुर्ची ओढून बसलो आणि सुरुवात केली. हो. हो. हो. तेवढ्यात सिस्टरने ड्रेसिंगच्या कपाटाची किल्ली मागितली. मी दोरा हवेत धरला आणि दुसऱ्या हाताने खिसा चाचपू लागलो.

"हो," सुकलालभाऊ म्हणाले.

मी वर पाहिलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

"हो."

किल्ली सापडली. सिस्टर ती घ्यायची सोडून बघत उभी राहिली.

"हो. हो."

आम्ही कुणीच हललो नाही. सुकलालभाऊ बरोबर दहाला थांबले आणि डोळे उघडून म्हणाले, "झाले ना दहा?"

"ओ, त्यास्नी हात बी नही लावा तुमले," रंजनाबाई म्हणाल्या. अहिराणी त्या एरवी आमच्यासमोर बोलत नसत. "झूट कसाले बोलतस?"

सुकलालभाऊंनी छताकडे पाहिलं, मग पितळी पाटीकडे, मग माझ्याकडे.

"ठोका पाठ होतो, साहेब. तीस वर्षं मशीनसमोर काढली. तुमचा हात एका तालात चालतो. दोन-चार लागतात, बाकी मोजायचे."

"आणि सुरुवात कधी होते ते कसं कळलं?"

"तुमची खुर्ची कुरकुरते. तेल द्या तिला."

"पण कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

आता ते उठून बसले. "शेडमध्ये जोडे चालत नाहीत, मॅडम. आत माताजीचा फोटो आहे, कापड आहे. सेठसुद्धा दारात काढतात. पाय खराब असा कागद तुम्ही दिला की ही मला जोडे घालायला लावणार. आणि जोडे घातले की सेठ दाराबाहेर उभा करणार. दुसरं काम मला येत नाही."

रंजनाबाई टॉवेलाची घडी घालत राहिल्या.

"ही टेस्ट किती वर्षं करतोस?" मॅडमनी मला विचारलं.

"बारा."

"एकाच तालात?"

खरं तर ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. ताल मोडायचा. मधेच थांबायचं. न टेकवता विचारायचं. पण एका सकाळी साठ पाय तपासायचे असले की हाताला लय लागते, आणि सुरतेत मी ती लय अशा माणसांसमोर धरत होतो ज्यांचा जन्म लय ओळखण्यात गेला होता. मी ताल मोडून टेस्ट पुन्हा केली. दहापैकी तीन.

"तीनच?" सुकलालभाऊंनी विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. त्यांनी डावा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तळवा जागोजाग दाबून पाहिला.

पुढचं काम चिकाटीचं होतं. एक दिवसाआड ड्रेसिंग. शुगरच्या औषधात बदल. नसांच्या आगीसाठी झोपताना एक गोळी, आधी कमी ताकदीची. ओलं पोतं बंद, गरम पाणी बंद. रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे. सुकलालभाऊ आरशात बघत, रंजनाबाई प्रत्यक्ष बघत, आणि दोघांचं जुळलं तरच रंजनाबाई मान्य करत. पाच-सहा आठवड्यांत जखम भरली. मॅडमनी मऊ तळाचे, पुढून बंद जोडे करून घ्यायला लावले. ते मिळाले तेव्हा सुकलालभाऊ मला म्हणाले, "आता सेठला तुम्हीच सांगा. चूक अर्धी तुमची होती."

हिशेब योग्य होता. नवे जोडे पिशवीत घेऊन मी सुकलालभाऊंबरोबर भेस्तानच्या शेडवर गेलो. दारात माझेही बूट काढावे लागले. आत दहा पावलं गेलो असेन, तळव्याला काहीतरी टोचलं. वाकून उचललं. तारेचा तुकडा. मला लागला, म्हणजे माझा रिपोर्ट चांगला होता.

सेठ रमणीकभाई काचेच्या केबिनमध्ये होते, अनवाणी. मी तार त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"माणूस सारो छे. कारीगर नंबर एक," ते म्हणाले. "पण जोडा अंदर नहीं. नियम बापूजीच्या, माझ्या वडिलांच्या, वेळचा आहे."

"नियम कशासाठी आहे, सेठ?"

"रस्त्याची घाण मशीनपर्यंत येऊ नये म्हणून."

"हे जोडे रस्त्यावर गेलेलेच नाहीत. जाणारही नाहीत. इथेच राहतील, आतल्या कपाटात."

सेठनी जोडा हातात घेतला. उलटा करून तळ पाहिला, बोट फिरवलं, वास घेतला.

"बाहेर कधीच नाही?"

"कधीच नाही. घराचे आणि रस्त्याचे वेगळे आहेत."

"मग हा जोडा नाही," सेठ विचार करून म्हणाले. "स्पेअर पार्ट आहे."

शेडमध्ये नवीन पार्ट आला की त्याला कुंकू लावायचं, हाही नियम बापूजीच्या वेळचा. सेठनी दोन्ही जोड्यांना कुंकू लावलं, तांदळाचे दाणे टाकले आणि काचेतून सुकलालभाऊंना हाताने बोलावलं. सुकलालभाऊंनी जोडे घातले, दोन पावलं चालून पाहिलं आणि मशीनकडे गेले. आमच्या विभागाच्या उद्घाटनाला दोन भाषणं आणि रिबन होती. हा कार्यक्रम त्याहून आटोपशीर झाला.

मॅडमनी मागचे रिपोर्ट काढायला लावले. यंत्रमागावर काम करणाऱ्या पेशंटना मी एकेक करून परत बोलावलं आणि ताल मोडून तपासलं. काहींचे आकडे बदलले. त्यांनाही जोडे मिळाले. खुर्चीला तेल दिलं.

परवा सुकलालभाऊ तपासणीला आले होते. आग पूर्ण गेलेली नाही. "आधी चूल होती, आता राख आहे," ते म्हणाले. झोप लागते. तळव्यांवर नवीन जखम नाही. टेस्टच्या वेळी मी मुद्दाम थांबलो तर तेही थांबले. दहापैकी तीन, पण खरे. रंजनाबाईंनी डोळे उघडे ठेवून सगळे मोजले.

यातून मी शिकलो ते एवढंच, की प्रश्न विचारताना उत्तराची वेळ आपणच ठरवून देऊ नये.

जाताना सुकलालभाऊंनी पहिल्या दिवशी म्हटल्याप्रमाणे मोनोची एक बॉबीन दिली. टेस्टच्या दोऱ्याचा दाब ठरलेला असतो, त्यामुळे तपासणीला तिचा उपयोग नाही. पण पितळी पाटीचा एक खिळा बरेच दिवस निघालेला होता. ती आता सुकलालभाऊंच्या दोऱ्याने बांधलेली आहे.