आटे आणि बटाटा

झुंबर साळवे यांनी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं वायरमन म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर गणवेश सुटला, पण खिशातला टेस्टर काही सुटला नाही. कॉलनीत कुणाचाही बल्ब गेला की बोलावणं त्यांनाच, आणि बल्बाबरोबर व्याख्यान फुकट. पिनचा बल्ब दाबून फिरवायचा, आट्यांचा नुसता फिरवायचा. शेड बंद असेल तर कमी वॅटचा घ्यायचा, नाहीतर बिचारा आतल्या आत उकडून मरतो. आणि शेवटी बोट वर करून सांगायचे, बल्ब बसवायचा असतो, आवळायचा नसतो. जगात त्यांच्या मते माणसं दोनच प्रकारची, बसवणारी आणि आवळणारी. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी आवळणाऱ्यांत टाकलं होतं आणि भर लग्नाच्या पंगतीत तसं सांगितलंही होतं.

एका रविवारी सकाळी विहाराच्या अभ्यासिकेत मोठ्या टेबलावरचा लोंबता दिवा गेला. अभ्यासिका सांभाळणाऱ्या अंजली बाईंनी साळवे काकांना फोन केला. काका आले, मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि स्टुलावर चढले. स्पर्धा परीक्षेची दहा-बारा मुलंमुली पुस्तकं मिटून बघत बसली.

बल्ब हलेना. कुणा पैलवानाने मनगटाचा जोर लावून आवळलाय, असं काकांनी वरूनच जाहीर केलं. असल्यांना शिडीला हात लावू देऊ नये, वगैरे बरंच काही बोलले. बोलता बोलता त्यांनी जरा नेट लावला. कट् असा आवाज झाला. काचेचा फुगा हातात आला आणि पत्र्याची टोपी होल्डरमध्येच राहिली.

काका डगमगले नाहीत. अशा वेळी बटाटा अर्धा कापून टोपीत रुतवायचा आणि उलटा फिरवायचा, हे त्यांनी मुलांना समजावलं. मग बायकोला फोन करून म्हणाले, बटाटा घेऊन लगेच ये.

धोंडाबाई पाच मिनिटांत आल्या. काकांनी बटाटा टोपीत दाबला, तसा त्याचा लगदा होऊन त्यांच्या कपाळावर पडला.

"अगं, हा उकडलेला आहे."

"मला काय ठाऊक, तुमचा बल्ब कच्चा खातो का शिजवलेला," धोंडाबाई म्हणाल्या. "वड्यांसाठी उकडले होते, त्यातला चांगला निवडून आणला."

पोरं टेबलावर डोकी टेकवून हसली. धोंडाबाई परत जाऊन कच्चा बटाटा घेऊन आल्या. या खेपेला टोपी कुरकुरत का होईना, आट्यांतून सुटली. काकांनी ती अंजली बाईंच्या हातात दिली. टोपीच्या कडेला खिळ्याने काहीतरी कोरलेलं होतं. बाईंनी सवयीने मोठ्यांदा वाचलं, "झु. सा., चौदा एप्रिल."

बल्ब लावण्याआधी त्यावर तारीख आणि सही कोरायची, ही शिस्त अख्ख्या कॉलनीत एकाच माणसाला होती.

त्या दिवशी बाहेर जयंतीचे ढोल सुरू झाले होते, मिरवणूक निघत होती, आपण घाईत होतो, हे सगळं काकांना लख्ख आठवलं. कारणं बरीच देता आली असती. पण समोर धोंडाबाई होत्या.

"मीच आवळला होता," ते म्हणाले.

मग त्यांनी होल्डर कोरड्या फडक्याने पुसला, आतली, बल्बाला टेकणारी पितळी जीभ ठीक आहे का ते पाहिलं आणि खाली उतरून नवा बल्ब अंजली बाईंना दिला. बाई चढल्या. त्यांनी बल्ब हळू फिरवला, टेकल्यासारखं वाटताच थांबल्या. अजून अर्धा आटा, हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि मेन लावायला गेले.

दिवा लागला. तेव्हापासून कॉलनीत बल्ब गेला की लोक अंजली बाईंना बोलावतात. काकाही जातात, स्टूल धरायला. व्याख्यान मात्र खालून चालूच असतं.