रंग न बसल्याचा आनंद

रंग बसला नाही की अक्कांना आनंद व्हायचा. रंगाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या बाईचं हे उलटं सुख आम्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या परिचयाचं होतं. जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. जांभळा रंग घालून काच धुतली, की थर असेल तिथेच तो टिकतो. तो थर विरघळवणारं एन्झाइम आम्ही शोधत होतो. काच स्वच्छ निघाली की अक्का ती खिडकीशी धरायच्या. "नोडु, बघ बघ! आमचे अप्पा असते तर म्हणाले असते, पोरीनं धंदा बुडवला."

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं. त्यांच्या मराठीत कानडी सहज मिसळलेलं असे. पुण्याहून आलेली मी बोलू लागले की त्या हसत. "तुझं ऐकलं की रेडिओ लावल्यासारखं वाटतंय गे."

पण शिकवावं ते त्यांनीच. कोऱ्या कापडाला खळ असते. ती भिजवून काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही. "जंतूंचंपण तसंच की. औषध वरच्यावर वाहून जातंय. आधी खळ काढ, मग औषध घाल."

अक्का दर रविवारी हुणसूरला बहिणीकडे जात. एका रविवारी त्यांना बसची पायरी चढवेना. पूर्वी बदललेल्या गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर जंतूंनी थर धरला होता. औषधं आत पोचत नव्हती. सांधा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

न राहवून मी म्हटलं, "अक्का, आपलं एन्झाइम..."

"येडी का तू? काचेवर चालतंय ते. उंदरावर अजून बघितलं नाही. उंदराला मागं ढकलून मी रांगेत घुसू?"

मला हसू आलं नाही. त्या मात्र हसल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोटांची टोकं नेहमीसारखी जांभळी होती.

शस्त्रक्रियेआधी त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं, "काढलेला तुकडा धुऊ नका हं. आमच्या पोरीला पाहिजे तो."

सांधा निघाला, पण तोवर संसर्ग रक्तात पसरला होता. तुकडा डब्यातून प्रयोगशाळेत आला. अक्का आल्या नाहीत.

डबा बरेच दिवस शीतपेटीत राहिला. माझ्याने तो उघडवेना. अखेर उघडला. सांध्यातल्या त्या प्लास्टिकच्या तुकड्याचे दोन भाग केले, एक नुसत्या पाण्यात ठेवला, दुसरा एन्झाइममध्ये. मग दोन्हींवर जांभळा रंग घालून धुतले. पाण्यातला गर्द जांभळा राहिला. दुसरा जवळजवळ पांढरा निघाला. तो मी खिडकीशी धरला. "अक्का, नोडु," एवढंच म्हणता आलं.

उंदरांवरच्या चाचणीच्या परवानगीचा अर्ज त्याच दुपारी पाठवला. आता रांगेत उंदीर आहेत. त्यांच्या मागे कुणाचा तरी गुडघा दुखतो आहे.